गोळ्यांचा डबा एकदा टेबलावर ओता

1 नोव्हेंबर 1956 ला नवा मध्य प्रदेश अस्तित्वात आला, राजधानी नागपूरहून भोपाळला हलली आणि सचिवालयाच्या फायलींमागोमाग कितीतरी मराठी बिऱ्हाडेही इथे आली. पुढे भेलच्या कारखान्याने आणखी घरे भोपाळकर केली. त्या पिढीतले जे आहेत ते आता ऐंशी-नव्वदीत, त्यांची मुले साठी-सत्तरीत. नातवंडे पुण्यात, बंगळुरूत नाहीतर न्यू जर्सीत. सुट्टीला ती येतात तेव्हा सामानातून एक मोठी प्लास्टिकची बाटलीही निघते. तिच्यावर ‘पन्नाशीनंतर’ असे काहीतरी छापलेले, आत दोनशे गोळ्या.

या वयातल्या वाचकांचे प्रश्न ठरलेले असतात. व्हिटॅमिन डीची पुडी किती दिवस घ्यायची? कॅल्शियमने मूतखडा होतो म्हणतात, मग बंद करू का? मुलाने आणलेली बाटली संपेपर्यंत इथली गोळी थांबवू की दोन्ही घेऊ? उत्तरे सहसा सुटी मिळतात, एकेका गोळीपुरती, आणि बहुतेक वेळा ‘हो, चालेल’ अशीच. पोटात मात्र सगळ्या गोळ्या एकत्र जातात. घोळ तिथे होतो.

आधी बेरीज

एखाद्या दुपारी घरातली सगळी पाकिटे, बाटल्या, पुड्या, चूर्णे आणि प्रोटीन पावडरचा डबा टेबलावर ओता. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्याही त्यातच ठेवा. वहीत चार रकाने आखा: नाव, एका गोळीत काय आणि किती, कोणी सांगितले, कधीपर्यंत. चौथा रकाना बहुतेक घरांत कोरा राहतो. ज्या गोळीपुढे तिसरा आणि चौथा दोन्ही कोरे, ती डॉक्टरांना सगळ्यात आधी दाखवायची.

एक नमुना पाहा. अमेरिकन मल्टिव्हिटॅमिनमध्ये व्हिटॅमिन डी 1000 युनिट. हाडांच्या डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळीत 500 युनिट, आणि ती दिवसातून दोनदा, म्हणजे आणखी 1000. फॅमिली डॉक्टरांनी कधीतरी लिहून दिलेली आठवड्याची 60,000 ची पुडी चालूच आहे. तिला सातने भागले की रोजचे साधारण 8,570. एकूण साडेदहा हजारांच्या वर. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज घ्यायची वरची सुरक्षित मर्यादा मानली जाते 4000 युनिटची. तिघांपैकी कोणीही चुकीचे सांगितलेले नाही. बेरीज कोणी केली नाही, एवढेच.

बेरीज करताना एककांकडे लक्ष ठेवा. काही पाकिटांवर युनिट असतात, काहींवर मायक्रोग्रॅम. व्हिटॅमिन डीचे 40 युनिट म्हणजे 1 मायक्रोग्रॅम. ‘15’ हा आकडा पाहून गोळी हलकी वाटेल, पण 15 मायक्रोग्रॅम म्हणजे 600 युनिट, म्हणजे सत्तरीपर्यंतच्या माणसाची जवळजवळ अख्ख्या दिवसाची गरज. सत्तरीनंतर ती 800 धरतात.

साठ हजारांची पुडी

ही पुडी वाईट नाही. रक्तात डी खरोखर कमी असेल तर आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, आणि नंतर महिन्याला एक किंवा रोजची छोटी मात्रा, असा क्रम बरेच डॉक्टर देतात. घोटाळा होतो तो पुढे. ‘आठवड्यातून एक’ हे शब्द चिठ्ठीवर घाईत लिहिलेले असतात आणि घरी पुडी रोज दुधात पडू लागते. रोज 60,000 म्हणजे सुरक्षित मर्यादेच्या पंधरा पट. किंवा आठ आठवड्यांचा कोर्स दोन वर्षे चालतो, कारण मेडिकलवाले जुनी चिठ्ठी पाहून पुडी देत राहतात.

जादा डी लघवीवाटे निघून जात नाही, ते चरबीत साठते. मग रक्तातले कॅल्शियम चढते. भूक जाते, मळमळते, बद्धकोष्ठ होते, तहान आणि लघवी वाढते, माणूस सुस्त होतो, कधी गोंधळल्यासारखा बोलतो. घरचे म्हणतात, वयच झाले. मूत्रपिंडावर ताण येऊन क्रिएटिनिन वाढते तेव्हा कुठे कोणाला पुड्यांची आठवण होते. अशी लक्षणे दिसली आणि डी चालू असेल तर रक्तातले कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. तोवर पुडी थांबवा.

‘वर्षातून एकदाच मोठा डोस घेऊन टाकू, रोजची कटकट नको’ हा विचारही सोडा. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या 2,256 स्त्रियांवर हा प्रयोग झाला. अर्ध्या जणींना वर्षातून एकदा 5 लाख युनिट दिले. 2010 साली निष्कर्ष छापून आला: डोस घेतलेल्या स्त्रिया जास्त पडल्या आणि त्यांची हाडेही जास्त मोडली. अमेरिकेतल्या पंचवीस हजारांहून अधिक लोकांच्या ‘व्हायटल’ या चाचणीत रोज 2000 युनिट देऊनही सर्वसाधारण निरोगी माणसांचे अस्थिभंग कमी झाले नाहीत. ते 2022 मध्ये जाहीर झाले. ज्यांना कमतरता आहे, हाडे ठिसूळ झाली आहेत, किंवा जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना डी लागतेच. पण बड्या तलावाच्या कडेला रोज फिरणाऱ्या धडधाकट माणसाने ‘असू द्या बरोबर’ म्हणून साठ हजार घेण्यात काही हशील नाही.

कॅल्शियम: छापलेला आकडा आणि खरा आकडा

पाकिटाच्या पुढे ‘500’ असते. मागे वाचा. ‘कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिलिग्रॅम, मूलद्रव्य कॅल्शियम 500 मिलिग्रॅम’ असे लिहिलेले असेल तर 500 खरे. नुसते ‘कॅल्शियम कार्बोनेट 500’ असेल तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम 200 च, कारण कार्बोनेटचा चाळीस टक्के भागच कॅल्शियम असतो. सायट्रेटमध्ये तर सुमारे एकवीस टक्के.

उतारवयात अन्न आणि गोळी मिळून रोज 1000 ते 1200 मिलिग्रॅम पुरते. एका मोठ्या पेल्यात, म्हणजे पाव लिटर दुधात, साधारण 300 जातात. दुपारची वाटीभर दह्याची भर, कधी पनीर, कधी नाचणीची भाकरी, तिळाची चटणी. आधी हे मोजा आणि कमी पडेल तेवढेच गोळीतून घ्या. खूप जणांना दोन नव्हे, एकच गोळी पुरते. काहींना एकही लागत नाही.

कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यावी, तिला पोटातले आम्ल लागते. सकाळी उठल्याबरोबर पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेण्याची सवय असेल तर आम्लच कमी झालेले असते; अशा वेळी सायट्रेट चालेल का, ते विचारा. एका वेळी 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेऊन फायदा नाही, तेवढे शोषले जात नाही. मूतखडा झालेल्यांनी जेवणातले दूध-दही घाबरून सोडू नये. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

मुंग्या आल्या की बी-12? थांबा

मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे, ॲसिडिटीच्या गोळीवर असणारे आणि शुद्ध शाकाहारी, या तिघांना बी-12 कमी पडण्याचा धोका खरा आहे. तिन्ही एकाच माणसात जमली असतील तर तपासणी करून घ्याच. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची आणि गोळी 1500 ची, हे पाहून घाबरायला नको. तोंडाने घेतलेल्या मोठ्या मात्रेतला जेमतेम एक टक्का आत जातो, आणि बी-12 ची विषबाधा सहसा होत नाही.

काळजी त्याच्याबरोबर येणाऱ्या मंडळींची घ्यायची. ‘नसांची गोळी’ म्हणून मिळणाऱ्या स्ट्रिपची मागची बाजू वाचा. तिथे तीन नावे शोधायची.

पहिले पायरीडॉक्सिन, म्हणजे बी-6. हे दीर्घकाळ जास्त घेतले तर त्यानेच हातापायांना मुंग्या येतात, म्हणजे ज्या दुखण्यासाठी गोळी घेतली तेच दुखणे गोळी देते. अमेरिकेत याची वरची मर्यादा रोज 100 मिलिग्रॅम आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने 2023 मध्ये ती 12 वर आणली. दुसरे फोलिक ॲसिड. बी-12 कमी असताना नुसते फोलिक मोठ्या मात्रेत घेतले तर रक्त सुधारलेले दिसते, नसांची हानी मात्र आतून चालूच राहते. तिसरे प्रीगाबालिन. ते व्हिटॅमिन नाहीच, नसांच्या वेदनेवरचे औषध आहे. त्याने झोप येते, चक्कर येते, रात्री बाथरूमला जाताना तोल जातो. शेजारच्या काकांना लागू पडली म्हणून आणलेल्या ‘बी-12 च्या गोळीत’ हे निघाले तर ती तशीच परत करा.

कोणाचे कोणाशी पटत नाही

- थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह: मध्ये चार तास हवेत. सकाळी थायरॉइड, कॅल्शियम दुपारच्या जेवणात, हे सोपे पडते.
- रक्त पातळ करणारे वॉरफरिन किंवा असेनोकुमारोल: कॅल्शियमच्या काही नव्या गोळ्यांत व्हिटॅमिन के-2 घातलेले असते आणि ते या औषधाच्या विरुद्ध काम करते. झडप बदललेल्या माणसासाठी ही किरकोळ बाब नव्हे. रक्त गोठण्याच्या तपासणीचा आकडा, म्हणजे आयएनआर, बिघडला तर आधी कॅल्शियमची स्ट्रिप बदलली का ते पाहा.
- ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल: फिश ऑइल, लसणाच्या कॅप्सूल, गिंको हे बरोबर चालू असेल तर दात काढण्याआधी आणि मोतीबिंदूसह कुठल्याही शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सांगा.
- टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन: यांच्याबरोबर पोटॅशियमची पूड नको. बीपीवाल्यांसाठी म्हणून मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठातही पोटॅशियमच असते. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते विचारूनच वापरा.
- केसांसाठी बायोटिन: थायरॉइड आणि हृदयाच्या ट्रोपोनिन तपासणीचे आकडे त्याने चुकू शकतात. तपासणीआधी किती दिवस बंद ठेवायचे ते लॅबला विचारा.
- लोह आणि चहा: मध्ये दोनेक तास जाऊ द्या. पण साठीनंतर हिमोग्लोबिन घसरले तर आधी कारण शोधा. आतड्यातून रक्त जात असेल तर लोहाची गोळी आकडा वर आणते आणि आजार झाकून ठेवते.

प्रोटीन पावडरबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही अशा पावडरी टाळा असेच सांगितले आहे. क्रिएटिनिन वाढलेले असेल तर डबा उघडूच नका. दात नसतील, जेवण कमी झाले असेल, वजन उतरत असेल तर आहारतज्ज्ञांना भेटा. पावडरीला पर्याय म्हणून भोपाळच्या बाजारात सत्तू स्वस्त आणि चांगला मिळतो.

‘जडीबुटीच आहे, काय होणार?’

नीमच आणि मंदसौर हे भाग अश्वगंधा आणि इसबगोलासाठी नावाजलेले. त्यामुळे माळव्यातून नातेवाइकांकडून येणारी पूड भोपाळच्या घरात सहज असते. इसबगोल भरपूर पाण्याबरोबर आणि बाकीच्या औषधांपासून अंतर ठेवून घेतले तर बहुतेकांना सोसते. अश्वगंधेचे तसे नाही. ती थायरॉइडच्या आणि झोपेच्या औषधांत ढवळाढवळ करते आणि क्वचित यकृताला इजा करते. डेन्मार्कने 2023 मध्ये तिच्यावर बंदीच घातली. करोनाकाळात रोज गुळवेल घेतलेल्यांना कावीळ झाल्याची उदाहरणे मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये मांडली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद तज्ज्ञांना मिटवू द्या. यकृत आधीच नाजूक असेल तर आपण त्या वादाचा नमुना होऊ नये.

भस्मे आणि रसौषधी हा वेगळाच प्रांत. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांची अमेरिकी संशोधकांनी तपासणी केली, त्यात सुमारे एक पंचमांश उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. हा अभ्यास 2008 चा. आयुर्वेदावर विश्वास असेल तर पंडित खुशीलाल शर्मा शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा नोंदणीकृत वैद्यांकडे जा, चालू असलेल्या ॲलोपथीच्या गोळ्यांची यादी दाखवा आणि परवाना क्रमांक छापलेलेच औषध घ्या.

आणि ती बिननावाची गुडघेदुखीची पुडी. दोन दिवसांत दुखणे पळते, भूक लागते, माणूस खूश होतो. महिन्याभरात चेहरा सुजतो, शुगर चढते. अशा पुड्यांत स्टेरॉइड कुटून घातल्याचे डॉक्टर वारंवार पाहतात. तसा संशय आला आणि पुडी बरेच दिवस घेतलेली असेल तर ती एकदम बंद करणेही धोक्याचे आहे. पुडी घेऊन रुग्णालयात जा. ती टप्प्याटप्प्यानेच सुटते.

गॅसपीडितांनी जास्तीचे काय पाहावे

डिसेंबर 1984 च्या गॅसगळतीच्या त्या रात्री विशीत असलेले आज साठी ओलांडून गेले आहेत. भोपाळ मेमोरियल रुग्णालय, गॅस राहतची रुग्णालये, शिवाय एखादा खासगी डॉक्टर, अशा तीन-चार ठिकाणची औषधे त्यांच्या पिशवीत असतात. म्हणून वर सांगितलेली वही त्यांच्यासाठी तर सक्तीचीच. दम्यासाठी प्रेडनिसोलोनसारख्या गोळ्या वारंवार घ्याव्या लागल्या असतील तर हाडे झिजतात. अशांना कॅल्शियम आणि डी हे उपचार म्हणूनच लागू शकतात. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल आवर्जून विचारा.

बिडी-सिगारेट पूर्वी ओढलेल्यांनी किंवा आजही ओढत असलेल्यांनी ‘डोळ्यांच्या’ कॅप्सूलमध्ये बीटा-कॅरोटीन आहे का ते पाहावे. फिनलंडमध्ये 29 हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला आणि बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला दिसला. निष्कर्ष 1994 चा. डोळ्यांच्या नंतरच्या मोठ्या चाचणीत त्याऐवजी ल्युटीन आणि झिॲक्झँथिन वापरले गेले, तेही पडद्याच्या एका विशिष्ट झिजेसाठी. मोतीबिंदू कोणत्याच कॅप्सूलने जात नाही. ‘अंगातले गॅसचे विष बाहेर काढतो’ असे म्हणून कोणी काही विकू लागला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

पाकीट उलटे करा

तीच डी-3 कधी औषध म्हणून विकली जाते, कधी अन्न म्हणून. औषध असेल तर उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो. अन्न असेल तर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक, ‘हेल्थ सप्लिमेंट’ किंवा ‘न्यूट्रास्युटिकल’ हे शब्द, रोजची मात्रा, ती ओलांडू नका अशी सूचना आणि औषधी वापरासाठी नाही ही ओळ. आता गंमत पाहा: पुढच्या बाजूला गुडघा लालभडक रंगवलेला, मागे बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’. मागची बाजू कायद्याने लिहायला लावलेली आहे, तिच्यावर विश्वास ठेवा. चौदा आकडी क्रमांक ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर टाकून पाहता येतो.

परदेशी बाटलीचे म्हणाल, तर अमेरिकेच्या 1994 च्या कायद्यानुसार सप्लिमेंट बाजारात येण्याआधी सरकारी मंजुरी लागत नाही. बाटलीवर यूएसपीची तपासणी-मुद्रा असेल तर निदान आत काय आहे ते कोणीतरी तपासलेले असते.

बिल घ्या आणि बॅच क्रमांक असलेला स्ट्रिपचा तुकडा शेवटपर्यंत ठेवा. गोळी काढताना आधी तोच कोपरा फाडला जातो. हे किती मोलाचे आहे ते 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याने दाखवले. खोकल्याच्या ‘कोल्ड्रिफ’ सिरपमुळे वीसहून अधिक मुले दगावली, आणि तपास पुढे सरकला तो एसआर-13 या बॅचवरून. तमिळनाडूच्या तपासणीत तिच्यात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले.

दारात, बागेत, दवाखान्यात: तुमचा हक्क

- दवाखान्यातूनच सप्लिमेंट घ्या, असा आग्रह झाला तर चिठ्ठी मागा. औषध कुठून घ्यायचे हे ठरवण्याचा हक्क रुग्णहक्कांच्या सनदेत आहे. तोच घटक जनऔषधी केंद्रात मिळतो का, ते पाहा.
- ओळखीतून साखळी पद्धतीने विकणारे एकांत पार्कात सकाळी भेटतात आणि दुपारी घरी येतात. थेट विक्रीच्या 2021 च्या नियमांनुसार विक्रेत्याकडे ओळखपत्र हवे आणि आधी वेळ न ठरवता त्याने घरी यायचे नाही.
- मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू, लकवा बरा करण्याची जाहिरात 1954 च्या जादुई उपचारविरोधी कायद्याने निषिद्ध आहे. जाहिरातीचा फोटो काढून ईदगाह हिल्सवरच्या अन्न व औषध प्रशासनाकडे द्या.
- सप्लिमेंटमध्ये भेसळीचा संशय असेल तर अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 40 खाली ग्राहक स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. तसा इरादा खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावा लागतो. दोष निघाला तर शुल्क परत मिळते.
- फसवणुकीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. पुढे जायचे असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

गोळी सुरू केल्यानंतर अंगावर पुरळ, गडद लघवी, डोळ्यांत पिवळेपणा, सतत उलट्या किंवा नवाच गोंधळलेपणा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि डब्यातले सगळे बरोबर न्या, चूर्णासकट. दुष्परिणामाची नोंद रुग्ण स्वतःही करू शकतो: औषधसुरक्षा कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक 1800-180-3024. फोन करताना गोळीचे नाव, बॅच, मात्रा, कधी सुरू केली आणि बरोबर काय काय चालू आहे ते विचारतात. वही हाताशी ठेवूनच फोन लावा.